आमच्या भाऊजींचा बॅकअप

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, आयुष्यात एकदाही फसलेले नाहीत. हे ते स्वतःच सांगतात, कुणी विचारलं नाही तरी सांगतात. मी म्हणते, फसायला आधी काहीतरी विकत घ्यावं लागतं. यांच्या घरात मिक्सर आला तोवर ताईचे दोन्ही खांदे धरले होते. गादी घ्यायचं ठरलं तेव्हा माझी भाची शाळेत होती. गादी आली तेव्हा ती नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत दुसऱ्याच गादीवर झोपत होती. मधल्या काळात भाऊजी शहरातल्या प्रत्येक दुकानातल्या गादीवर आडवे होऊन आले होते. एका दुकानदारानं तर त्यांना उशी आणून दिली आणि वरचा दिवा मालवला. तिथे त्यांना खरंच झोप लागली, आणि उठल्यावर म्हणाले, "ठीक आहे, पण इतर पर्याय बघायला हवेत."

नोकरीत मात्र हाच स्वभाव सोन्यासारखा होता, हे मलाही कबूल करावं लागतं. भाऊजी लिफ्ट तपासनीस होते. इमारतीतली लिफ्ट माणसं न्यायला लायक आहे की नाही हे बघायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच काम. पण वरच्या मशीनच्या खोलीपासून खालच्या खड्ड्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला स्वतः हात लावल्याशिवाय या माणसानं कधी सही केली नाही. दोर मोजायचे, ब्रेक तपासायचे, लिफ्टमध्ये वजनं भरून ती मुद्दाम मध्येच अडकवायची. "चालतेय की साहेब, दिवा लागलाय बघा," असं कुणी म्हटलं की हे म्हणायचे, "दिवा लागलाय म्हणजे दिवा चालतोय. लिफ्टचं मी बघतो." बिल्डर लोक त्यांच्या नावानं कडाकडा बोटं मोडायचे. पण त्यांनी पास केलेल्या लिफ्टमध्ये मी डोळे मिटून चढते, आजही.

निवृत्त झाल्यावर तपासायला लिफ्ट उरली नाही, तेव्हा ते घर तपासायला लागले. झोपण्याआधी त्यांची फेरी ठरलेली. गॅस बंद, नळ बंद, खिडक्यांच्या कड्या, आणि शेवटी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं मोठं बटण, खट्. "घर झोपलं की वीजही झोपली पाहिजे," हे त्यांचं वाक्य. भाची त्या 'खट्'ला 'बाबांची सुट्टीची शिट्टी' म्हणायची. एकदा त्यांना ताप होता, अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, तरी भिंत धरत गेले आणि बटण बंद करून आले.

आता ताईविषयी सांगते. माझी लाँड्री याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे, ताई तिसऱ्या मजल्यावर राहते. ताई विणते. वेळ जात नाही म्हणून हातात सुया धरणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्यात, ताई त्यातली नाही. ती नक्षी रचते. डोक्यात एखादी वेणी, एखादी जाळी आली की चौकटीच्या कागदावर एकेक टाका मांडायची. सुलट टाक्याला टिंब, उलट्याला आडवी रेघ. मग विणून बघायचं, पटलं नाही की उसवायचं, पुन्हा मांडायचं. असे कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे तिच्या पलंगाखाली होते. भाची नोकरीला लागली तेव्हा तिनं आपला जुना कॉम्प्युटर आईला दिला आणि नक्षी त्याच्यावर काढायला शिकवलं. पन्नाशी उलटलेली बाई, पहिले काही दिवस माऊस असा धरायची की जणू तो जिवंत आहे आणि चावेल. पण वर्षभरात पलंगाखालचं सगळं तिनं त्या कॉम्प्युटरमध्ये भरलं, आणि नव्या नक्ष्या तर थेट तिथेच व्हायला लागल्या. कितीतरी अशा होत्या की ज्या विणायलाही तिला अजून सवड झाली नव्हती.

अशात समोरच्या दंतवैद्य बाईचा कॉम्प्युटर बसला. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले, बाई दारात उभी राहून रडली. भाऊजींनी तिचं सांत्वन केलं ते असं, "बॅकअप नव्हता ना? मग जाणारच." आणि आत येऊन जाहीर केलं, "आपल्या घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना बॅकअप हवा. तोही आपोआप होणारा. माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही."

ताई म्हणाली, "चांगलंच आहे की. चौकातल्या दुकानात ती बाहेरून जोडायची डबी मिळते. आज संध्याकाळी आणू या."

"डबी!" भाऊजी असे हसले की बिचारीला आपण काहीतरी अशिक्षित बोललो असं वाटावं. "अगं, डबी बिघडली तर?"

"मग दोन आणू."

"आणि घराला आग लागली तर?"

"घराला आग लागली तर मी आधी तुम्हाला बाहेर काढीन."

"तो मुद्दा वेगळा," असं म्हणून भाऊजी आपल्या कॉम्प्युटरसमोर बसले, आणि वर्षभर उठले नाहीत.

त्यांनी तक्ता केला. डाव्या बाजूला जगात मिळतील तेवढे बॅकअपचे प्रकार, आणि वर रकाने. किंमत, वेग, कुलूप कसं घालता येतं, जुन्या प्रती किती काळ राहतात. तिथवर मलाही पटलं. मग रकाने वाढायला लागले. कंपनी किती वर्षं जुनी, मालकाचं वय काय, मालकाला मुलं आहेत का, म्हणजे पुढे कंपनी कोण चालवणार. मी एकदा वर गेले तर तक्ता इतका रुंद झाला होता की भाऊजी तो बघताना खुर्ची सरकवत होते. मी म्हटलं, "भाऊजी, यात ताईचं काम करून देणारा कुठला, तो रकाना कुठे आहे?" तर म्हणाले, "धाकटे, तुझं धुण्याचं दुकान आहे. तुझ्याकडे एकच प्रश्न असतो, डाग गेला की नाही."

मी म्हटलं, "हो ना, आणि गिऱ्हाईकही तेवढंच विचारतं."

इंटरनेटवर लांब कुठेतरी प्रत ठेवून देणाऱ्या कंपन्या असतात, महिन्याला पैसे घेतात. भाऊजींनी एकेकीला फोन लावले. एकदा त्यांनी मला ऐकवायला म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. भाऊजींनी विचारलं, "तुमच्या यंत्रांच्या खोलीत पाणी शिरलं तर?"

"सर, आमची दुसऱ्या शहरातही प्रत असते."

"तिथेही शिरलं तर?"

"सर, तिसऱ्या देशातही असते."

"आणि तिथे?"

ती मुलगी म्हणाली, "सर, इतकं पाणी आलं तर मला वाटतं आपण दोघंही फोनवर नसू." मी तिला मनातल्या मनात शाबासकी दिली. भाऊजींनी तक्त्यात त्या कंपनीसमोर 'उद्धट' असं लिहिलं आणि तिला बाद केलं.

मग फुकट महिनाभर वापरून बघायचे प्रोग्रॅम आले. भाऊजींचं म्हणणं, तुलना करायची तर सगळे एकदमच चालवले पाहिजेत, नाहीतर ती तुलना कसली. म्हणून त्यांनी ते सगळे ताईच्या कॉम्प्युटरवर घातले, कारण त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर तक्त्यात गुंतलेला होता. पहिल्या प्रोग्रॅमनं प्रत काढली. दुसऱ्यानं त्या प्रतीची प्रत काढली. तिसऱ्यानं त्या दोन्हींची. असं करत करत ताईच्या कॉम्प्युटरमध्ये टाचणी ठेवायला जागा उरली नाही, आणि एका दुपारी तिनं मेहनतीनं मांडलेली गळ्याची नक्षी सेव्ह होईना. कॉम्प्युटर म्हणाला जागा नाही, आणि बंद पडला. नक्षी गेली. म्हणजे बॅकअप यायच्या आधीच बॅकअपनं एक बळी घेतला. भीक नको पण कुत्रा आवर अशी ताईची गत झाली. तिनं ती नक्षी पुन्हा आठवून मांडली, भाऊजींना एक शब्द बोलली नाही. मला बोलली.

शेवटी निर्णय झाला. कसा झाला सांगते. एका रविवारी भाऊजी चौकातल्या दुकानात गेले आणि पिशवीतून एक डबी घेऊन आले. तीच. ताईनं पहिल्या संध्याकाळी सांगितलेली. आता रंग मात्र राखाडी होता, कारण काळा रंग उष्णता जास्त धरतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, आणि वळसाही केवढा!

बसवण्याचा समारंभ मी डोळ्यांनी बघितलाय, लाँड्रीला कुलूप लावून वर गेले होते. भाऊजींनी शर्ट बदलला होता. भाचीला फोनवर घेतलं होतं. प्रोग्रॅमनं विचारलं, रोज किती वाजता? भाऊजी म्हणाले, "रात्री दोन. त्या वेळी कॉम्प्युटरला दुसरं काम नसतं." प्रोग्रॅमनं विचारलं, वेळ चुकली तर सकाळी कॉम्प्युटर चालू झाल्यावर भरून काढू का? भाऊजींनी 'नको' वर खूण केली. "सकाळी मशीन हळू होतं. आणि चुकायचीच कशाला?" प्रोग्रॅमनं विचारलं, रोजचा अहवाल कुठे पाठवू? त्यासाठी त्यांनी आपल्या नेहमीच्या पत्त्यावर गर्दी नको म्हणून मेलचा एक वेगळाच नवा पत्ता काढला. मग बटण दाबलं, डबीवर निळा दिवा लागला, आणि भाऊजी मागे टेकून म्हणाले, "आता निश्चिंत."

तो निळा दिवा त्यांचं देवघरच झाला. घरी कुणी आलं की आधी त्या कोपऱ्यात नेणार. "हे बघा. रोज, आपोआप, आपल्याला पत्ताही लागत नाही." पाहुणे माना डोलवायचे. मीही डोलवली. कुणालाच काही पत्ता लागत नव्हता हे अगदी खरं होतं.

समारंभानंतर आठ-पंधरा दिवसांत त्यांची नजर पलंगाखाली गेली. "अगं, हे कागदाचे गठ्ठे आता कशाला? पलंगाखाली कोरडा कागद म्हणजे आगीला आमंत्रण. दे रद्दीत."

ताई म्हणाली, "अहो, पण माझं सगळं आलंय ना त्या डबीत? नक्की?"

"झालंय म्हणजे झालंय. रोज होतंय."

रद्दीवाला खाली माझ्या दुकानासमोरच तराजू लावून बसला होता. ताई एकेक गठ्ठा आणून देत होती. मला काही ते बरं वाटेना. मी म्हटलं, "ताई, माझ्याकडे ठेव. मागच्या खोलीत भरपूर जागा आहे." ती म्हणाली, "नको गं. ते म्हणालेत ना झालंय, मग झालंय. बाकी काही असो, या बाबतीत ते चोख आहेत." हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही. मला भाऊजींचा जेवढा म्हणून राग आहे तो सगळा या एका वाक्यामुळे आहे.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी एक बाई माझ्या दुकानात कोट टाकायला आल्या. हस्तकलेची पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशिका होत्या, हे मागाहून कळलं. हँगरवर ताईनं विणलेला एक स्वेटर लटकत होता, ताईच्या मैत्रिणीचा, धुवायला आलेला. बाईंनी कोट काउंटरवर टाकला आणि त्या स्वेटरची बाही उलटीपालटी करून बघत राहिल्या. "हे कुणी विणलं? ही वेणी मी कधी पाहिली नाही." मी म्हटलं, "माझ्या बहिणीनं, आणि ती तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि आता घरीच आहे." मी त्यांना पावती द्यायचीसुद्धा विसरले, हाताला धरून वर घेऊन गेले.

ताईचं पुस्तक काढायचं ठरलं. तिच्या नावाचं. आमच्या घरात नाव छापून येतं ते फक्त विजेच्या बिलावर, आणि तेही भाऊजींचं. ताई काही बोलून दाखवणारी नाही, पण त्या दिवसांत ती जिना उतरताना गुणगुणायची. नमुन्यादाखल तिनं बाईंना थोड्या नक्ष्या पाठवल्या. बाकी सगळ्या नीट लावून, प्रत्येकीखाली टाके आणि लोकर लिहून महिनाअखेर द्यायच्या होत्या. ती दिवसभर कॉम्प्युटरसमोर असायची. भाऊजी स्वतःचा चहा स्वतः करायला लागले होते, आणि याबद्दल त्यांना कुणीतरी पुरस्कार द्यावा अशी त्यांची अपेक्षा होती.

काम संपत आलं होतं आणि एका सकाळी ताईचा कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. आतून कुरकुर आवाज आला, मग तोही थांबला. दुरुस्तीवाल्यानं आतली डिस्क बाहेर काढली, कानाशी लावली आणि मान हलवली. पुढे मोठ्या लॅबकडेही ती पाठवली, त्यांनीही हात टेकले. पण त्या सकाळी ताई घाबरली नव्हती. तिनं खाली मला फोन केला तो नुसता सांगायला. मी वर गेले तर भाऊजी शड्डू ठोकून तयारच होते. इतके खूश मी त्यांना भाचीच्या लग्नातही बघितलं नाही.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "याच दिवसासाठी केलं होतं. धाकटे, तूही बघ. वर्षभर हसत होतीस ना मला?"

त्यांनी चष्मा पुसला. डबी सोडवून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. निळा दिवा लागला. त्यांनी ती उघडली, आणि आत काहीच नव्हतं.

"लपवलेल्या फाइली असतील," भाऊजी म्हणाले. त्यांनी लपवलेल्या फाइली दाखवायला लावल्या. लपवलेलंही काही नव्हतं. "असं होणार नाही," ते म्हणाले. डबी काढली, पुन्हा जोडली. फुंकर मारली. मग त्यांना तो वेगळा पत्ता आठवला. त्याचा पासवर्ड आठवायला अर्धी सकाळ गेली, आणि शेवटी ती पेटी उघडली तर आत रांगच्या रांग लागली होती. रोज एक पत्र. प्रत्येकात तोच मजकूर, काल रात्री कॉम्प्युटर बंद असल्यानं बॅकअप झाला नाही. एकामागून एक, पहिल्या रात्रीपासून. त्या बापड्या यंत्रानं एक दिवस खाडा केला नव्हता, रोज तक्रार करत होतं.

"बंद कसा असेल?" भाऊजी चिडून म्हणाले. "कुणी केला बंद?"

ताई शांतपणे म्हणाली, "अहो, झोपताना कोपऱ्यातलं बटण कोण बंद करतं?"

मला हसू फुटलं. खरं सांगते, आवरलंच नाही. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि तेही रोज, न चुकता, ताप असताना भिंत धरत जाऊन. रात्री दोनला चालणारी गोष्ट रोज हातानं बंद करून हा माणूस पाहुण्यांना दिवा दाखवत होता! मी हसतेय आणि हसताहसता माझी नजर ताईवर गेली. ती पलंगाकडे बघत होती. पलंगाखाली स्वच्छ फरशी होती.

ती खाली आली ती माझ्याबरोबरच. दुकानाच्या मागच्या खोलीत, धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसली आणि रडली. कितीतरी वेळानं म्हणाली, "माझ्या डोक्यात सगळ्या नाहीत गं आता. पूर्वी होत्या. कॉम्प्युटरमध्ये आहेत म्हणून मी विसरून गेले." मी एक चादर तिच्या खांद्यांवर टाकली. भाऊजींना सुनावायला माझ्याकडे शब्द भरपूर होते, आणि ते मी वर जाऊन सगळे वापरले. ते डबीची वायर गुंडाळत होते. शेवटी म्हणाले, "डबीचा दोष नव्हता पण." मी जिना उतरले, नाहीतर त्या डबीचं काय केलं असतं मलाच माहीत.

प्रकाशिका भल्या बाई निघाल्या. म्हणाल्या, पुस्तक पुढच्या थंडीवर ढकलू, पण नक्ष्या लागतील. नक्ष्या कुठून आणायच्या? मार्ग सुचला तो मला, आणि त्यात माझी हुशारी काही नाही. काउंटरवर एक गिऱ्हाईक मफलर टाकून गेलं आणि मी सवयीनं डाग बघायला तो पसरला, तर तो ताईचा. मी तिथूनच ओरडले, "ताई, खाली ये!"

ताईनं आयुष्यभर विणून लोकांना दिलं होतं. मैत्रिणींना, त्यांच्या नातवंडांना, दंतवैद्यांना, भाचीला, मला. ते सगळे कपडे कुठे ना कुठे होते, आणि कुणाच्या कपाटात काय आहे हे लाँड्रीवालीला माहीत असतं. मी एकेकाला निरोप धाडले. लोक स्वेटर घेऊन यायला लागले. कुणाचा आखडलेला, कुणाच्या कोपराला भोक, एकाची बंडी तर कुत्र्याच्या अंथरुणातून काढून आणलेली. मागच्या खोलीत टेबल टाकलं आणि ताई भिंग घेऊन बसली. एकेक ओळ मोजायची, एकेक टाका कागदावर उतरवायचा. सुलट, सुलट, उलट.

तिसऱ्या दिवशी भाऊजी दारात येऊन उभे राहिले. "मी मोजू का?" त्यांनी विचारलं. ताईनं वर न बघता खुर्ची सरकवली. आणि काय सांगू, माणूस त्यासाठीच जन्माला आला होता! काळ्या लोकरीतला गळलेला टाकाही त्यांच्या नजरेतून सुटेना. ते मोजायचे, ताई लिहायची. मी इस्त्री करत बाहेरून ऐकायची, "अठरावी ओळ. चार सुलट, वेणी डावीकडे, चार सुलट." त्या दिवसांत मी त्यांना टोमणे मारायचे कमी केले. अगदी बंद केले असं नाही म्हणणार.

जेवढं विणलेलं होतं तेवढं परत मिळालं. ज्या नक्ष्या ताईनं फक्त कॉम्प्युटरवर मांडल्या होत्या, विणायच्या राहिल्या होत्या, त्या गेल्या त्या गेल्या. त्यातल्या एकीची जाळी तिला अर्धी आठवते. ती कधी कधी बोटानं टेबलावर मांडत बसते आणि मध्येच थांबते.

शेवटचा स्वेटर मोजायला घेतला त्या दुपारी भाऊजींना बरं वाटत होतं. काम संपत आलं होतं, ताई त्यांच्याशी दोन वाक्यं बोलत होती. त्यांचा धीर वाढला. म्हणाले, "हे एकदा झालं की मी बॅकअपचं पुन्हा नीट बघतो. आता बाजारात बरेच नवीन प्रकार आलेत."

"नको," ताई म्हणाली. "रोज संध्याकाळी मी या कागदांचे फोटो काढते, एक प्रत लेकीला पाठवते, एक प्रकाशिकाबाईंना, आणि एक धाकटीकडे ठेवते. आणि तिघींकडे उघडते की नाही ते विचारते."

"अगं, पण हे रोज हातानं? किती दिवस करशील?"

"करीन."

भाऊजी दुखावले. स्वेटर मांडीवर ठेवून म्हणाले, "एकदा चूक झाली माझी, मान्य आहे. पण म्हणून कायमचा अविश्वास? एवढी वर्षं नोकरी केली मी. स्वतः बघितल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नाही. विचार कुणालाही."

"कुणाला कशाला विचारू? मला माहीत आहे," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. "त्या लिफ्टमध्ये परकी माणसं चढायची ना. मी काय, घरचीच होते."

माझ्या हातातली इस्त्री तशीच अधांतरी राहिली.  भाऊजींनी चष्मा सारखा केला, स्वेटर उचलला, कुठल्या ओळीवर होते ते त्यांना सापडेना, म्हणून ते पहिल्या टाक्यापासून पुन्हा मोजायला लागले.